वार आधीच सुटली म्हणजे नेमकं काय होतं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी जरूर वाचा

तांबडी_माती

नमस्कार मंडळी. मी नोकरीला बेळगावात, घर खानापूर तालुक्यातलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या वहिनीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. कागदावर 'अब्रप्शन' लिहिलंय. तोंडी सांगितलं की वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) वेळेआधी सुटली.

आदल्या रात्री तिचं पोट घट्ट झालं होतं आणि कंबर धरली होती. कपड्याला रक्ताचा डाग, तोही काळपट आणि अगदी थोडा. घरच्यांना वाटलं वात धरला असेल. सकाळी जवळच्या गावात सोनोग्राफी केली. ठोके चांगले आहेत, वार वरच्या बाजूला आहे, काळजी करू नका, असं सांगून घरी पाठवलं. दुपारनंतर बाळ हलेना. बेळगावला पोचेपर्यंत ठोके थांबले होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी नुसता पोटावर हात ठेवला आणि काय झालंय ते ओळखलं. वहिनी वाचली, पण रक्ताच्या बऱ्याच पिशव्या लागल्या.

आता घरात रोज एकच विषय. घागर उचलली म्हणून झालं, यात्रेला गेली म्हणून झालं, ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून झालं. ती उलटून बोलत नाही, कारण आता तिलाही तसंच वाटायला लागलंय. मला हे थांबवायचं आहे. नुसतं "तसं काही नसतं" म्हटलं तर घरात कोण ऐकणार? वार सुटते म्हणजे काय होतं, का होतं, सोनोग्राफीत का दिसलं नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं अशी विनंती.

लेबररूम

तांबडी माती, वहिनींना आधी एवढंच सांगा, की घागर उचलल्यानं वार सुटत नाही, आणि विळीनं तर नाहीच नाही. बाकीचं नंतर.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, याच जिल्ह्यात काम करते. वार गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला चिकटलेली असते. एका बाजूनं आईचं रक्त येतं, दुसऱ्या बाजूनं नाळेतून बाळाचं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून बाळाला ऑक्सिजन आणि अन्न मिळतं. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त रक्त जात असतं. नेहमीच्या बाळंतपणात आधी बाळ बाहेर येतं, मग गर्भाशय आकसतं, मग वार सुटते, आणि आकसलेले स्नायू उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. म्हणून रक्त आटोक्यात राहतं.

अब्रप्शनमध्ये हा क्रमच उलटतो. बाळ अजून आत असतं, त्यामुळे गर्भाशयाला आकसायला वाव नसतो. अस्तरातली एखादी रक्तवाहिनी फुटते, वारेच्या मागे रक्त साचतं, ते वारेला आणखी ढकलतं आणि ती आणखी सुटते. जेवढी वार सुटली तेवढा बाळाचा पुरवठा तुटला. थोडीशीच कड सुटली तर पुष्कळ बाळं निभावून जातात. निम्म्याहून जास्त सुटली तर बाळ वाचणं फार कठीण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे साचलेलं रक्त बाहेर येईलच असं नाही. १०० पैकी साधारण २० जणींत ते आतच कोंडून राहतं. बाहेर एक डाग, किंवा तेवढाही नाही, आणि आत लिटरभर रक्त. म्हणून "रक्त फार नव्हतं" यावरून कधीच अंदाज बांधू नये. पोट काय सांगतंय ते बघायचं. कळ येते तेव्हा पोट घट्ट होतं आणि कळ ओसरली की सैल पडतं. अब्रप्शनमध्ये ते सैल पडतच नाही, लाकडी फळीला हात लावावा तसं लागतं, दाबलं तर दुखतं. वार पाठीकडच्या भिंतीला असेल तर पोटापेक्षा कंबरच जास्त दुखते. त्यात बाळाची हालचाल मंदावली असेल तर घरी थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

चिक्कोडीची_लेक

मॅडम, पण सोनोग्राफी नॉर्मल होती की. लाखाचं मशीन काय कामाचं मग? हे वाचून पोटात गोळा आला. मला सातवा चालू आहे.

लेबररूम

चिक्कोडीची लेक, घाबरू नका, शंभर बायकांत एकीला किंवा त्याहूनही कमी जणींना हे होतं. पण प्रश्न अगदी योग्य विचारलात.

ताजं साचलेलं रक्त सोनोग्राफीत बहुतेक वेळा वारेसारखंच दिसतं. दोघांचा रंग, पोत सारखा. वार थोडी जाड वाटते इतकंच. त्यामुळे निम्म्याहून जास्त अब्रप्शन सोनोग्राफीत सापडतच नाहीत. रक्त जुनं झालं की वेगळं दिसायला लागतं, पण तोवर वेळ निघून गेलेली असते. मग आम्ही सोनोग्राफी का करतो? वार खाली तर नाही ना, ते बघायला. वार गर्भाशयाच्या तोंडावर असली तरी रक्त जातं, पण ते लालभडक असतं आणि सहसा दुखत नाही. तिथे आतून बोट घालून तपासणं धोक्याचं असतं, म्हणून आधी ती शंका दूर करावी लागते. बाळाचे ठोके बघायलाही सोनोग्राफी लागते.

थोडक्यात, सोनोग्राफीत अब्रप्शन दिसलं तर ते बहुतेक आहेच. दिसलं नाही म्हणून ते नाही असं म्हणता येत नाही. पोट घट्ट, दुखरं आणि डाग आहे अशा बाईला 'वार वरती आहे' एवढ्या आधारावर घरी पाठवू नये. तिला निदान काही तास ठोक्यांचा सलग आलेख काढणाऱ्या मशीनवर ठेवून बघावं लागतं. ते मशीन नसेल तर असेल तिथे पाठवावं लागतं. तुमच्या वहिनींच्या बाबतीत तिथे काय झालं हे कागद न बघता मी बोलणार नाही, पण नियम हा आहे.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. मॅडमनी लिहिलंय त्यात आमच्या बाजूचं थोडं घालते, म्हणजे आत काय चालतं ते नातेवाइकांना समजेल.

अशी बाई आली की आम्ही दोन्ही हातांना जाड सुया लावतो, रक्तगट आणि जुळणीला नमुना पाठवतो, लघवीची नळी घालतो. पोटावर, गर्भाशय जिथवर पोचलंय तिथे, पेनानं रेघ मारतो. तासाभरात गर्भाशय त्या रेघेच्या वर सरकलं तर आत रक्त वाढतंय. मग एक साधी तपासणी, जिला ना लॅब लागते ना वीज. लहान काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं आणि मुठीत धरायचं, शरीराच्या उबेत. ४ मिनिटांनी हळूच कलतं करून बघायचं, मग दर मिनिटाला. ७ मिनिटं झाली तरी रक्त पाण्यासारखं वाहत असेल, किंवा गुठळी धरून लगेच विरघळत असेल, तर अंगातलं रक्त गोठण्याची ताकदच संपत आली असं समजायचं. वार सुटली की वारेच्या मागच्या गुठळीत गोठवणारे घटक खर्ची पडतात, मग सुई टोचल्या जागेतून, हिरड्यांतून, कुठूनही रक्त यायला लागतं. मी मुठीत नळी धरून उभी असते आणि बाहेर नातेवाईक ओरडत असतात, "सिस्टर नुसती उभी आहे, काही करत नाही." मी तेच करत असते हो.

म्हणूनच नुसत्या रक्ताच्या पिशवीनं भागत नाही, गोठवणारे घटक असलेला प्लाझ्मा लागतो. तो लहान दवाखान्यात नसतो. रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच जावं, दोन ठिकाणी थांबत थांबत येऊ नये.

आणि आपल्याकडची एक अडचण. खेड्यातल्या मराठी बायका दवाखान्यात आल्या की कन्नड येत नाही म्हणून गप्प बसतात, नवरा किंवा सासू सांगेल तेवढंच कळतं. बहुतेक सिस्टरना मराठी समजतं, पण घाईत नवीन कोणी असेल तर एवढं पाठ असू द्या: "होट्टी गट्टी आगैती, रक्त होंटैती." पोट घट्ट झालंय, रक्त जातंय. हे ऐकून कुणीही रांगेत थांबवणार नाही.

तांबडी_माती

रात्रपाळी ताई, डोळ्यात पाणी आलं वाचून. एक विचारू? बाळ गेलंय हे कळल्यावरसुद्धा वहिनीला कळांची औषधं देऊन बाळंत केलं. आई-बाबा फार चिडले होते. मेलेल्या बाळासाठी तिला कळा का सोसायला लावल्या, सरळ सिझर का केलं नाही, हा राग अजून गेलेला नाही.

लेबररूम

हा राग मी फार घरांत बघितलाय, आणि तो समजण्यासारखा आहे. पण तो निर्णय वहिनींच्या जिवासाठी होता.

बाळ जिवंत असेल आणि ठोके बिघडत असतील तर मिनिटं मोजून सिझर करतात. बाळ गेलं असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल, तर खालून बाळंतपण होणं जास्त सुरक्षित असतं. कारण बाळ जाण्याइतकी वार सुटली म्हणजे रक्त गोठण्याची प्रक्रियाही कोलमडलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पोटावर आणि गर्भाशयावर चीर दिली तर ती चीरच वाहत राहते. शिवाय अब्रप्शनमध्ये गर्भाशय आधीच चिडलेलं असतं, कळा जोरात येतात, बाळंतपण बहुतेक वेळा लवकर होतं. पोटावर चीर नसल्यानं पुढच्या गरोदरपणालाही एक धोका कमी. आई कोसळत असेल, किंवा बाळ आडवं असेल, तर मात्र बाळ गेलेलं असूनही सिझर करावं लागतं.

बाळ बाहेर आल्यावरही धोका संपत नाही. कधीकधी रक्त गर्भाशयाच्या स्नायूंमध्ये शिरतं, ते जांभळं-निळं पडतं आणि नीट आकसत नाही. त्यामुळे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव या बायकांत जास्त. मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून लघवी तासातासाला मोजतात.

रक्त नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही, हे तर आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलंय. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बायकांवर अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का, हा प्रश्न होता. रक्त मोजायला बाईच्या अंगाखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायचे. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तो अभ्यास बाळंतपणानंतरच्या रक्ताचा होता, अब्रप्शनचा नव्हे. आपल्या गावांतल्या नर्सबाईंनी ते काम केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

जांबोटीकर

वाचतोय. आमच्याकडची वस्तुस्थिती लिहितो. खानापूर ते बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, ते काही नाही. पण भीमगड अभयारण्यातल्या गावांतून खानापूर गाठणं हाच पावसाळ्यात मोठा प्रश्न. नाले भरले की पायवाट बंद, फोनला रेंज नाही, १०८ ला सांगितलं तरी गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार. पुढे माणसांनी उचलून आणायचं.

म्हणून आमच्या बाजूच्या लोकांना हात जोडून सांगणं, की पावसाळ्यात आठवा-नववा येत असेल तर बाईला आधीच खानापूर किंवा बेळगावात पाहुण्यांकडे आणून ठेवा. बाळंतपणाची तारीख जवळ आली की बघू, असं करू नका. हा आजार तारखेची वाट बघत नाही, असं वरच्या लिखाणावरून दिसतंय.

मावशी_हिंडलगा

मी वयानं मोठी आहे, राग मानू नका. आम्ही ग्रहण पाळलं, आमच्या सासवांनी पाळलं. पाळण्यात वाईट काय आहे? पोरीला दोन तास झोपवलं तर तेवढीच विश्रांती.

तांबडी_माती

मावशी, पाळायला माझी ना नाही. ग्रहणात झोपवलं तर झोपवलं. पण बाळ गेल्यावर त्या पोरीकडे बोट दाखवून "तू विळी धरलीस" म्हणायचं, हे मला सहन होत नाही. ती रात्री उठून बसते.

मावशी_हिंडलगा

ते मात्र खरं गं बाई. तसं कुणी बोलू नये. माझ्या नावानं सांग घरी, की एक म्हातारी म्हणाली, पोरीला बोलू नका म्हणून.

निपाणीची_पोर

खरं कारण काय मग? कुणी बीपी म्हणतं, पण आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायका भरपूर आहेत. मशेरी तर घराघरात. माझी चुलत जाऊ दिवस गेल्यावर उलट्या थांबाव्यात म्हणून मशेरी जास्त लावायची.

लेबररूम

निपाणीची पोर, बरं झालं हा विषय काढलात.

पुष्कळ वेळा नेमकं कारण सापडतच नाही, हे आधी मान्य करू. पण धोका वाढवणाऱ्या गोष्टी माहीत आहेत. सगळ्यात वर रक्तदाब. १४०/९० किंवा त्याहून जास्त, मग तो आधीपासूनचा असो की गरोदरपणात सुरू झालेला. वहिनींचा बीपी शेवटच्या तपासणीत किती होता, तायी कार्डवर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांचं कार्ड) बघा. माझी खात्री नाही, पण तिथेच उत्तर असण्याची शक्यता मोठी.

मग तंबाखू. विडी-सिगारेटचा आणि वार सुटण्याचा संबंध पक्का आहे. मशेरीतही निकोटीन असतंच, ते हिरड्यांतून थेट रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या आकसतात. मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होणं, पोटात दगावणं जास्त दिसतं. उलट्यांसाठी सुरक्षित गोळ्या आहेत, आशाताईंना विचारा. मशेरी सोडायला गरोदरपणाचा कुठलाही महिना उशिराचा नसतो.

आधी एकदा वार सुटलेली असणं, जुळं, पोटात पाणी जास्त असणं, पाणी वेळेआधी फुटून संसर्ग होणं, गर्भाशयातल्या गाठी, पस्तिशीनंतरचं गरोदरपण, ही बाकीची कारणं. आणि पोटाला मार. दुचाकीवरून पडणं, गाडीचा अपघात, जिन्यावरून घसरणं. बाहेरून खरचटलेलंही नसतं आणि आत वार सुटत असते. म्हणून पोटाला मार बसला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जाऊन निदान चार तास ठोके तपासून घ्यायचे. गाडीत बसताना पट्टा लावायचाच, फक्त खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांवर यायला हवा.

नाव_नको

मारानं होतं म्हणालात. घरात मार बसला असेल तर? डॉक्टरला खरं सांगावं का? सांगितलं तर पोलीस येतील का?

रात्रपाळी

ताई, खरं सांगा. पोटाला मार बसलाय हे कळलं तर आम्ही वेगळं बघतो, जास्त वेळ थांबवून ठेवतो, त्यात बाळाचा आणि तुमचा जीव आहे. नवऱ्याला, सासूला बाहेर थांबवायला सांगा, "मला सिस्टरशी एकटीनं बोलायचंय" एवढं म्हटलं तरी आम्हाला कळतं. पोलिसांत नोंद व्हायची की नाही, पुढे काय, हे तिथे तुमच्याशी बोलूनच होईल. त्या भीतीनं उपचार लांबवू नका. १८१ हा महिलांसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो. आत्ता या क्षणी धोका असेल तर ११२. पोट दुखत असेल, बाळ कमी हलत असेल, तर आजच या. मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवा, मी वाचते.

चंदगडी

मी पलीकडचा, चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. आम्हाला कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. आमचे सगळे पेशंट बेळगावलाच येतात. तशी निपाणीची माणसं कोल्हापूरला जातात, कागवाड-अथणीची मिरजेला. कागदावर राज्याची हद्द असेल, पण बाळंतिणीला घेऊन जाणारा माणूस जवळचं मोठं हॉस्पिटलच बघतो, आणि तेच बरोबर आहे.

एक मुद्दा कुणी लिहिला नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातवं-आठवं लागलं, ओटी भरली की मुलगी माहेरी जाते. म्हणजे सासरच्या डॉक्टरांकडचे सगळे कागद मागे, बीपीच्या गोळ्या संपलेल्या, आणि नवीन गावात कुणाला काही माहीत नाही. वार सुटण्याचा धोका नेमका याच महिन्यांत. माहेरी पाठवताना साडी-चोळीबरोबर फाइल, कार्ड, गोळ्या पिशवीत आहेत का ते आधी बघा. आणि माहेरच्यांनी ती आल्या आल्या तिथल्या हॉस्पिटलात नाव घालावं.

लेबररूम

चंदगडी, हा मुद्दा सोन्यासारखा. मी माझ्या प्रत्येक पेशंटला माहेरी जाताना एका पानावर लिहून देते. रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, चालू गोळ्या, वारेची जागा. तुम्हीही डॉक्टरांकडून मागून घ्या, हक्कानं.

अनगोळची_सई

आशेचंही काहीतरी लिहिते. माझी वार ३३व्या आठवड्यात सुटली. दुपारी भाजी निवडताना एकदम रक्त गेलं, भरपूर. कदाचित दिसलं म्हणूनच आम्ही धावलो. दवाखाना जवळ होता. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं, पण दुसऱ्या डोसाची वाट बघायला वेळच नव्हता, लगेच सिझर. मुलगी दोन किलोच्या आतली. काचेच्या पेटीत होती बरेच दिवस. आता पहिलीत आहे, अखंड बडबड करते.

तांबडी माती, वहिनीला सांगा, माझं दुसरं बाळंतपणही नीट झालं. पण त्या वेळी मी पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगितलं होतं, की आधी वार सुटली होती.

तांबडी_माती

सई, तुझी पोस्ट वहिनीला वाचून दाखवली. तिनं पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला. पुन्हा होतं का हे? आणि पुन्हा कधी विचार करावा?

लेबररूम

वहिनींनी विचारलं, फार बरं वाटलं.

होऊ शकतं. एकदा वार सुटली असेल तर पुढच्या वेळी १०० पैकी साधारण ५ ते १५ जणींना पुन्हा तसं होतं. म्हणजे पंच्याऐंशीहून अधिक जणींना होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. अंतर निदान दीड-दोन वर्षं ठेवावं, तेवढ्यात हिमोग्लोबिन भरून काढावं. बीपी राहिला असेल तर दिवस जायच्या आधी डॉक्टरांना दाखवून गोळ्या बदलून घ्याव्यात, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

बीपीमुळे झालं असेल तर पुढच्या वेळी कमी ताकदीची ॲस्पिरिन १२व्या आठवड्यापासून, निदान १६व्याच्या आत सुरू करतात. ती प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराचा, धोका कमी करते. वार सुटणं ती नक्की थांबवते असं मी म्हणणार नाही. ॲस्पिरिनवरच्या एका मोठ्या अभ्यासात आपलं बेळगाव आणि नागपूरही होतं. पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅमची गोळी दिली, तेव्हा दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. पण मनानं दुकानातून आणून घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच.

शेवटचे तीन महिने तपासण्या जवळजवळ, बाळाची वाढ सोनोग्राफीत बघायची, आणि पुष्कळदा ३७-३८ आठवड्यांना बाळंतपण करून घेतात. त्या काळात राहायला बेळगावातच यावं.

रात्रपाळी

एक गोष्ट बायका विचारत नाहीत आणि कुणी सांगतही नाही. बाळ गेलं तरी तीन-चार दिवसांत दूध येतं. त्या वेळी बाई पार मोडून जाते. छाती करकचून बांधू नका, गाठी होतात. नेहमीची आधार देणारी ब्रेसियर, गार पाण्याच्या घड्या, फारच ठणकलं तर थोडंसंच पिळून काढायचं. दूध आटवायच्या गोळ्या असतात, पण बीपी असलेल्यांना त्या जपून द्याव्या लागतात, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. उलट भरपूर रक्त गेलेल्या एखादीला पुढच्या बाळंतपणात दूधच येत नाही, पाळी परतत नाही, सतत थकवा राहतो. मेंदूखालच्या ग्रंथीला रक्त कमी पडल्याचा तो परिणाम असू शकतो. डॉक्टरांना जुना इतिहास सांगा.

उद्यमबाग

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी. बाळ मृत जन्मलं तर कंपनी सहा आठवड्यांचीच रजा देते, असं आमच्या ऑफिसात सांगत होते. ते गर्भपाताला. मातृत्व लाभ कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आहे) 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलंय, त्यामुळे रजा पूर्ण बाळंतपणाची मिळते. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे. एचआरशी बोलताना कायद्याचं नाव घेऊन बोला.

कागवाडकर

आजच धागा सापडला, सगळा वाचला. बायकोला २९वा आठवडा, बीपीच्या गोळ्या चालू. आम्हाला मिरज अगदी जवळ, बेळगाव फार लांब. पण तायी कार्ड कर्नाटकचं. अर्ध्या रात्री मिरजेला नेलं आणि घेतलंच नाही तर?

लेबररूम

मिरजच. डोळे झाकून मिरज. तातडीच्या पेशंटला कार्ड कुठल्या राज्याचं हे बघून परत पाठवता येत नाही. सरकारी दवाखान्यानं तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग, असं सुप्रीम कोर्टानं १९९६ साली स्पष्ट सांगितलंय. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त बाळंतिणीला मोफत असतं, ही योजना २०११ पासून देशभर आहे.

पण अर्ध्या रात्री पहिल्यांदा जाऊ नका. या आठवड्यात दिवसाउजेडी जाऊन नाव घाला, फाइल करा, रात्री सिझर होतं का आणि रक्त कुठून आणतात ते विचारा. गाडीवाल्याचा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा. १०८ ला फोन करा, पण गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या गाडीनं निघा. तिला डाव्या कुशीवर झोपवा, खायला-प्यायला देऊ नका. बीपी आठवड्यातून दोनदा तरी मोजून वहीत लिहा. बाळाच्या हालचाली रोज जेवणानंतर लक्ष देऊन बघायला सांगा. रक्तगट काय आहे?

कागवाडकर

कार्डवर बी निगेटिव्ह लिहिलंय. माझा ओ पॉझिटिव्ह.

लेबररूम

मग उद्याच जा. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध घटक तयार होऊ शकतात, ते होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन असतं; २८व्या आठवड्याच्या सुमाराचं ते तिला दिलंय का विचारा. दिलं नसेल तर आधी कूम्ब्स तपासणी (ते घटक आधीच तयार झालेत का ते बघणारी) करून घ्या, मग डॉक्टर देतील. पुढे कधीही रक्त गेलं, पोटाला मार बसला, तर ७२ तासांच्या आत ते पुन्हा लागतं, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतरही. निगेटिव्ह रक्त पेढीत कमीच असतं. तिची भावंडं, चुलत-मावस भाऊ यांच्यात कोण निगेटिव्ह आहे ते आत्ताच तपासून घ्या, आणि त्यांची नावं-नंबर मिरजेच्या रक्तपेढीत आधी देऊन ठेवा.

कागवाडकर

मेव्हणा बी निगेटिव्हच आहे, सांगलीला असतो. त्याला आत्ताच फोन लावतो. उद्या सकाळी दोघांना घेऊन मिरजेला जातो.